बायोगॅस प्रकल्पातील गॅस डिटेक्टर: बसवणी आणि कॅलिब्रेशनची कार्यपद्धती

मराठवाड्यातील अनेक साखर कारखान्यांना आता डिस्टिलरी जोडलेली आहे आणि डिस्टिलरीमागे स्पेंटवॉशवर, म्हणजे मद्यार्क काढल्यानंतर उरणाऱ्या सांडपाण्यावर, चालणारा बायोगॅस डायजेस्टर (गॅस तयार करणारी बंद टाकी) उभा आहे. या डायजेस्टरमधून निघणाऱ्या गॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड मिसळलेला असतो. स्पेंटवॉशमध्ये सल्फेट भरपूर असल्याने हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण शेणाच्या गोबरगॅसपेक्षा कितीतरी अधिक राहते. गॅसमध्ये तो केवळ एक टक्का असला, तरी त्याचा अर्थ दहा हजार पीपीएम (दशलक्षात इतके भाग) होतो. आणि शंभर पीपीएमच्या आसपास माणसाची वास घेण्याची क्षमताच बधिर होते, त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे गॅस नाही’ हा फिटरचा नेहमीचा अंदाज नेमका धोक्याच्या वेळी फसतो. म्हणून येथे डिटेक्टरवरच विसंबावे लागते, आणि डिटेक्टर विसंबण्याजोगा आहे की नाही, हे त्याला गॅस दाखवल्याखेरीज कळत नाही. प्रमाण माहीत असलेला गॅस देऊन यंत्राचा आकडा तपासणे आणि जुळवणे म्हणजेच कॅलिब्रेशन.

पुढील विवेचन भिंतीवर किंवा खांबावर कायम बसवलेल्या डिटेक्टरविषयी आहे. वाळूज परिसरातील शीतकरण यंत्रणांमधील अमोनिया किंवा जालन्यातील री-रोलिंग मिल्सच्या भट्ट्यांजवळील कार्बन मोनॉक्साइड यांच्यासाठीही मूळ पद्धत हीच राहते. गॅस, जागा आणि अलार्मचे आकडे तेवढे बदलतात.

सेन्सरची निवड

हायड्रोजन सल्फाइडसाठी इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर वापरतात. त्याच्या आत इलेक्ट्रोलाइट असतो, गॅस पडद्यातून आत शिरल्यावर इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया होते आणि गॅसच्या प्रमाणात अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा सेन्सर झिजणारा असून त्याचे आयुष्य साधारणतः दोन ते तीन वर्षांचे असते. तो गोदामात पडून राहिला तरी त्याचे वय वाढतच असते, त्यामुळे ‘अडचणीला असावेत’ म्हणून पाच-सहा सेन्सर एकदम मागवून कपाटात ठेवण्यात शहाणपण नाही.

मिथेनसाठी दोन पर्याय आहेत. कॅटॅलिटिक बीड सेन्सरमध्ये तापलेल्या मण्यावर गॅस जळतो, मण्याचे तापमान वाढते, त्याचा रोध बदलतो आणि व्हीटस्टन ब्रिजवर तो बदल मोजला जातो. हा सेन्सर स्वस्त आणि परिचित आहे. परंतु सिलिकोनच्या वाफा त्याला कायमचे निकामी करतात, आणि हायड्रोजन सल्फाइडमुळे त्याची संवेदनक्षमता घटते. शिवाय गॅस जळण्यासाठी ऑक्सिजन लागत असल्याने ऑक्सिजनच नसलेल्या जागी तो चुकीचे, कमी रीडिंग देतो. दुसरा पर्याय इन्फ्रारेड सेन्सरचा आहे. मिथेनचे रेणू विशिष्ट तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शोषतात, आणि किती प्रकाश शोषला गेला त्यावरून प्रमाण ठरते. त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि सल्फाइडचा त्याच्यावर परिणाम होत नाही. किंमत अधिक असली तरी बायोगॅस प्रकल्पात मिथेनसाठी इन्फ्रारेडच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जेथे हायड्रोजनची शक्यता आहे, उदाहरणार्थ बॅटरी चार्जिंगची खोली, तेथे मात्र इन्फ्रारेड उपयोगाचा नाही, कारण हायड्रोजन त्याला दिसतच नाही.

रेंज निवडताना मोठी रेंज घेण्याचा मोह टाळावा. अलार्म १० आणि १५ पीपीएमवर लावायचा असेल, तर ० ते ५० पीपीएमचा ट्रान्समीटर (सेन्सरचे रीडिंग पॅनेलकडे पाठवणारा भाग) पुरेसा आहे. ० ते ५०० पीपीएमच्या यंत्रावर १० पीपीएम म्हणजे पूर्ण रेंजच्या अवघे दोन टक्के होतात, आणि तेवढा चढउतार तापमानानेही होऊ शकतो.

जागा

‘हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे, म्हणून सेन्सर जमिनीलगत बसवा’ हा नियम सर्वत्र सांगितला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. शुद्ध हायड्रोजन सल्फाइड हवेच्या सुमारे १.१९ पट जड आहे, हे बरोबर. परंतु डायजेस्टरच्या गॅसहोल्डरमधून किंवा फ्लॅंजमधून (पाइपच्या सांध्यातून) जेव्हा गळती होते, तेव्हा बाहेर पडतो तो मिश्र गॅस. ६० टक्के मिथेन आणि ४० टक्के कार्बन डायऑक्साइड यांच्या मिश्रणाची घनता हवेच्या सुमारे ०.९४ पट भरते, त्यातच डायजेस्टर कोमट असल्याने गॅस आणखी हलका होतो. मिसळलेला हायड्रोजन सल्फाइड या मिश्रणातून वेगळा होऊन खाली बसत नाही, तो मिश्रणासोबतच वर किंवा आडवा जातो. म्हणून गॅस ब्लोअर, स्क्रबर (गॅस धुऊन शुद्ध करणारे यंत्र) आणि गॅस इंजिनाच्या खोलीत डिटेक्टर गळतीच्या संभाव्य जागेजवळ, माणसाच्या नाकाच्या उंचीला किंवा थोडा वर असावा, आणि मिथेनचा डिटेक्टर छताच्या सर्वांत उंच कोपऱ्यात, जेथे हवा कोंडते तेथे असावा.

याउलट स्पेंटवॉशचा सम्प, पंपाचा खड्डा, स्लजची टाकी या ठिकाणी द्रवात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड द्रव ढवळताच बाहेर येतो आणि खड्ड्यातच साचून राहतो. तेथे सेन्सर तळापासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर असावा, मात्र पाणी चढण्याच्या पातळीच्या वर. अमोनियाबाबतही असाच विचार करावा लागतो. त्याची वाफ हवेच्या सुमारे ०.५९ पट असल्याने ती वर जाते, पण द्रव अमोनिया फुटून बाहेर पडला तर त्याचे थंड, दाट धुके आधी जमिनीलगत पसरते. म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीत एकाच उंचीवर सगळे डिटेक्टर बसवू नयेत.

जागा ठरवताना ड्रॉइंगवर बोट ठेवून भागत नाही. प्रत्यक्ष जागेवर जाऊन वारा कोणत्या बाजूने येतो, एक्झॉस्ट फॅन कोठे आहे, दरवाजा दिवसभर उघडा राहतो का, हे पाहावे. शक्य असल्यास धूर सोडून तो कोठे जातो ते न्याहाळावे. फॅनच्या झोतात किंवा ताज्या हवेच्या खिडकीत बसवलेला डिटेक्टर सदैव शून्य दाखवतो आणि सगळ्यांना समाधान देतो. आणखी एक गोष्ट: कॅलिब्रेशनसाठी तेथे हात पोहोचला पाहिजे. बारा फुटांवर, शिडी लावण्यास जागा नसलेल्या ठिकाणी बसवलेल्या डिटेक्टरचे कॅलिब्रेशन कागदावरच होते. उंचीवर बसवणे अटळ असेल, तर गॅस देण्यासाठी टेफ्लॉनची नळी सुरुवातीलाच खालपर्यंत आणून ठेवावी.

बसवणी आणि वायरिंग

सेन्सरचे तोंड खाली असावे, म्हणजे पाणी व धूळ साचणार नाही. ज्या भागाचे वर्गीकरण झोन १ किंवा झोन २ (ज्वलनशील गॅस असण्याची शक्यता असलेला भाग) असे झाले आहे, तेथे डिटेक्टर, जंक्शन बॉक्स आणि ग्लँड (केबल आत घेणारा जोड) हे तिन्ही त्या झोनसाठी प्रमाणित असले पाहिजेत. ज्वालारोधक डिटेक्टरला बाजारातील साधा ग्लँड लावला, की प्रमाणपत्राचा अर्थ संपतो. भारतात या मंजुरीचे काम पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना पाहते आणि तिचे मुख्यालय नागपूरला आहे. न वापरलेल्या केबल एंट्रीत प्रमाणित प्लगच बसवावा, एम-सील भरू नये. जवळपास सिलिकोन सीलंट किंवा सिलिकोनचा स्प्रे तर मुळीच वापरू नये.

बहुतेक ट्रान्समीटर २४ व्होल्ट डीसीवर चालतात आणि ४ ते २० मिलिअॅम्पिअरचा सिग्नल देतात. चार म्हणजे शून्य गॅस, वीस म्हणजे पूर्ण रेंज, आणि ३.६ च्या खाली गेलेला प्रवाह म्हणजे सामान्यतः दोष. शील्ड केलेली केबल घ्यावी, शील्ड फक्त कंट्रोल पॅनेलच्या बाजूला अर्थ करावी (जमिनीला जोडावी) आणि डिटेक्टरच्या बाजूला ती टेप लावून मोकळी सोडावी. दोन्हीकडे अर्थ केल्यास व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या मोटारी सुरू होताच रीडिंग नाचू लागते. डायजेस्टर पॅनेलपासून दूर असतो, म्हणून व्होल्टेज ड्रॉपचा हिशेब करावा. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. ४०० मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन जवळपास साडेनऊ ओहम होतात, आणि २५० मिलिअॅम्पिअर घेणाऱ्या कॅटॅलिटिक डिटेक्टरवर २.४ व्होल्ट त्यातच जातात. विजेच्या खोळंब्यात पॅनेल बॅटरीवर गेल्यावर उरलेले व्होल्टेज डिटेक्टरला पुरते का, हे त्याच्या टर्मिनलवर मीटर लावून पाहावे. अलार्मचे रिले फेल-सेफ, म्हणजे नेहमी ऊर्जित राहणारे ठेवावेत. मग वीज गेली किंवा वायर तुटली तरी अलार्म वाजतो.

आपल्याकडील हवामानाची दखल येथे घेणे आवश्यक आहे. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरची कमाल मर्यादा बहुधा ५० अंश सेल्सिअस असते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी किंवा नांदेडला हवाच ४२-४३ अंशांवर असते, तेव्हा उन्हात टांगलेली धातूची पेटी ती मर्यादा सहज ओलांडते. शिवाय त्या दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते आणि इलेक्ट्रोलाइट सुकू लागतो. म्हणून डिटेक्टरवर पत्र्याची छत्री हवीच, आणि ती पेटीला चिकटलेली नव्हे तर मध्ये हवा खेळेल एवढे अंतर ठेवून बसवलेली. पावसाळ्याची अडचण वेगळी असते: केबल ग्लँडमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळसा दिला नाही, तर पहिल्याच वळवाचे पाणी केबलवरून ओघळत थेट जंक्शन बॉक्समध्ये उतरते. गाळप हंगामात बगॅसची (उसाच्या चिपाडाची) बारीक धूळ फिल्टरवर बसते; डिटेक्टर चालू असतो, शून्यही दाखवतो, फक्त गॅस आत पोहोचत नाही.

उंचीचाही एक परिणाम आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर असल्याने तेथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी कमी असतो. दाबाची भरपाई न करणारा इन्फ्रारेड सेन्सर मुंबईत कॅलिब्रेट होऊन आला, तर येथे जवळपास तेवढ्याच प्रमाणात कमी दाखवतो. कारखान्याचे प्रमाणपत्र सोबत असले तरी बसवल्यानंतर जागेवर कॅलिब्रेशन करावेच.

कॅलिब्रेशनची तयारी

लागणाऱ्या वस्तू मोजक्या आहेत: प्रमाणित गॅसचे सिलिंडर, शून्य हवेचे (मोजायचा गॅस अजिबात नसलेल्या स्वच्छ हवेचे) सिलिंडर, ठरावीक प्रवाह देणारा रेग्युलेटर, त्या डिटेक्टरचा कॅलिब्रेशन कप, टेफ्लॉनची नळी, मल्टिमीटर आणि घड्याळ. रेग्युलेटर बहुधा मिनिटाला अर्धा लिटर देणारा असतो, तरीही उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडा पाहावा. हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया हे पृष्ठभागाला चिकटणारे, क्रियाशील गॅस आहेत. त्यांच्यासाठी स्टेनलेस स्टीलचा रेग्युलेटर घ्यावा आणि रबरी नळी वापरू नये; लांब रबरी नळीतून २५ पीपीएम सोडले तर सेन्सरपर्यंत त्याहून कमी पोहोचतात, आणि मग चांगल्या सेन्सरचे रीडिंग आपण नाहक वाढवून ठेवतो.

सिलिंडरवरील तीन गोष्टी वाचाव्यात: प्रमाण, उरलेला भाग कोणत्या गॅसचा आहे, आणि मुदत. कमी पीपीएमचा हायड्रोजन सल्फाइड सिलिंडरमध्येच हळूहळू क्षीण होतो, त्यामुळे मुदत उलटलेला सिलिंडर भरलेला असला तरी तो बाजूला ठेवावा. कॅटॅलिटिक सेन्सरसाठी मिथेन हवेत मिसळलेला असावा, नायट्रोजनमध्ये नव्हे. मिथेनबाबत आणखी एक घोळ वारंवार होतो. सिलिंडरवर आकारमानाची टक्केवारी असते आणि डिटेक्टरवर एलईएलची, म्हणजे हवेत गॅस पेट घेऊ शकेल अशा किमान प्रमाणाची. जुन्या प्रचलित आकड्यानुसार मिथेनचा एलईएल ५ टक्के आहे, तर आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकात तो ४.४ टक्के आहे. २.५ टक्क्यांचा गॅस पहिल्या हिशेबाने ५० टक्के एलईएल होतो आणि दुसऱ्या हिशेबाने जवळपास ५७. डिटेक्टर कोणत्या हिशेबाने बनला आहे, ते पुस्तिकेत पाहून त्याप्रमाणेच स्पॅनचा, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या गॅसला यंत्राने दाखवायचा, आकडा भरावा.

ही सामग्री बहुधा पुण्या-मुंबईहून मागवावी लागते, हे लक्षात घेऊन गाळप सुरू होण्यापूर्वीच मागणी नोंदवावी. ५८ लिटरचे सिलिंडर अर्ध्या लिटरच्या प्रवाहाने ११६ मिनिटे चालते. प्रत्येक डिटेक्टरला चार मिनिटे धरली तर साधारण २९ वेळा पुरते. सिलिंडर उन्हात किंवा बॉयलर हाऊसमध्ये ठेवू नये.

प्रत्यक्ष कॅलिब्रेशन

वर्क परमिट घ्यावे, कंट्रोल रूमला कळवावे आणि त्या डिटेक्टरचा इंटरलॉक (अलार्म येताच यंत्र आपोआप बंद करणारी जोडणी) पॅनेलवरून इनहिबिटमध्ये (तात्पुरत्या रोखलेल्या स्थितीत) टाकावा, म्हणजे ब्लोअर किंवा गॅस इंजिन विनाकारण बंद पडणार नाही. इनहिबिट असेपर्यंत त्या भागाला डिटेक्टरचे संरक्षण नसते, म्हणून काम करणाऱ्याच्या छातीवर चालू स्थितीतील पोर्टेबल डिटेक्टर असावा आणि दुसरा माणूस सोबत उभा असावा. काम सकाळच्या वेळी करावे. दुपारी तापलेल्या सेन्सरवर केलेली जुळवणी रात्री खोटी ठरते. नवा सेन्सर बसवला असेल तर त्याला स्थिर होऊ द्यावे, काही प्रकारांना त्यासाठी काही तास लागतात.

प्रथम फिल्टर पाहावा, पण तो लगेच साफ करू नये किंवा बदलू नये. कोणतेही बटण दाबण्यापूर्वी, डिटेक्टर ज्या अवस्थेत सापडला त्याच अवस्थेत, कप लावून स्पॅन गॅस द्यावा आणि स्थिर झालेले रीडिंग लिहून घ्यावे. माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत मोलाचा आकडा हाच आहे, आणि आपल्याकडील बहुतेक कॅलिब्रेशन रजिस्टरांत त्याचा रकानाच नसतो. जुळवणी झाल्यानंतर प्रत्येक डिटेक्टर २५ ला २५ दाखवतो, त्यात नवल काय? कालपर्यंत गळती झाली असती तर त्याने काय दाखवले असते, याचे उत्तर केवळ हात लावण्यापूर्वीच्या रीडिंगमध्ये असते. २५ पीपीएम दिल्यावर तो १२ दाखवत असेल, तर गेले काही आठवडे १५ पीपीएमचा अलार्म हवेत प्रत्यक्ष सुमारे ३१ पीपीएम झाल्याशिवाय वाजला नसता, हे सेफ्टी ऑफिसरला कळले पाहिजे. अंतिम आकड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास लागलेला वेळही नोंदवावा. आकडा बरोबर पण वेळ दुप्पट, असे दिसले तर बहुधा फिल्टर तुंबलेला असतो. ही नोंद झाल्यावरच फिल्टर बदलावा.

त्यानंतर झिरो. मोकळ्या, स्वच्छ हवेत सभोवतालच्या हवेवर झिरो करता येतो; डायजेस्टरजवळ तसे करू नये. तेथील हवेत ३ पीपीएम असताना झिरो केला तर तो डिटेक्टर पुढे कायम ३ पीपीएम कमी दाखवत राहतो. म्हणून शून्य हवेचे सिलिंडर लावून, रीडिंग स्थिर झाल्यावरच झिरो स्वीकारावा. अनेक ट्रान्समीटर किंचित उणे गेलेले रीडिंग पडद्यावर शून्यच दाखवतात, तेव्हा सर्व्हिस मेनूतील मूळ आकडा पाहणे बरे.

झिरो झाल्यावर स्पॅन. मेनूत सिलिंडरवरील प्रमाण भरावे, गॅस सोडावा आणि आकडा चढणे थांबेपर्यंत वाट पाहावी. येथे घाई नडते. आकडा अजून चढत असताना स्पॅन स्वीकारला तर डिटेक्टर जास्त दाखवू लागतो, खोटे अलार्म येतात आणि दोन-चार खोट्या अलार्मनंतर कोणीतरी हूटरची वायर काढून ठेवतो. वारा जोराचा असेल तर कपाच्या कडेने हवा शिरते आणि गॅस पातळ होतो, तेव्हा कप नीट बसल्याची खात्री करावी. ट्रान्समीटर स्पॅन नाकारत असेल, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याऐवजी सिलिंडर, प्रवाह आणि नळी तपासावी. ते ठीक असतील तर सेन्सर संपला आहे, असे समजून तो बदलावा.

गॅस काढल्यावर रीडिंग शून्यावर परत येते का, हे पाहणे हाही चाचणीचाच भाग आहे.

पॅनेलपर्यंतची तपासणी

डिटेक्टरच्या पडद्यावरील आकडा बरोबर असला तरी पॅनेलवर तोच पोहोचतो, असे गृहीत धरू नये. ट्रान्समीटरची रेंज ० ते ५० आणि पीएलसीत (पॅनेलमधील नियंत्रक संगणकात) भरलेली ० ते १००, अशी विसंगती असू शकते. हिशेब सोपा आहे: रीडिंगला रेंजने भागावे, १६ ने गुणावे आणि त्यात ४ मिळवावेत. ० ते ५० पीपीएमच्या यंत्रावर १० पीपीएमला ७.२, १५ पीपीएमला ८.८ आणि २५ पीपीएमला १२ मिलिअॅम्पिअर मिळाले पाहिजेत. मल्टिमीटरवर आणि पॅनेलवर एकाच वेळी पाहावे.

अलार्मच्या पातळ्या ठरवताना २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीतील आकडे आधाराला घेता येतात. तेथे हायड्रोजन सल्फाइडसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा १० पीपीएम आणि अल्पकालीन मर्यादा १५ पीपीएम होती. अमोनियासाठी हेच आकडे २५ आणि ३५ होते. मिथेनसाठी पहिला अलार्म २० टक्के एलईएलवर आणि दुसरा ४० टक्क्यांवर ठेवण्याची पद्धत आहे. दुसरा अलार्म लॅचिंग असावा, म्हणजे गॅस ओसरला तरी माणसाने जाऊन रीसेट केल्याशिवाय दिवा विझणार नाही.

वर्षातून किमान एकदा खरा गॅस देऊन संपूर्ण साखळी तपासावी: हूटर वाजला का, एक्झॉस्ट फॅन सुरू झाला का, ब्लोअर बंद झाला का, आणि ब्लोअर चालू असताना तो हूटर खाली काम करणाऱ्याला ऐकू येतो का. ही चाचणी इनहिबिट काढून, उत्पादन विभागाशी वेळ ठरवून करावी लागते. एरवीच्या कॅलिब्रेशननंतर मात्र रीडिंग पूर्ण शून्यावर आल्याशिवाय इनहिबिट काढू नये, आणि काढल्यावर त्याची वेळ लॉगबुकात लिहून शिफ्ट इन्चार्जची सही घ्यावी. इनहिबिट तसाच राहून गेलेला डिटेक्टर बाहेरून अगदी निरोगी दिसतो.

किती दिवसांनी

उत्पादक बहुधा तीन ते सहा महिन्यांची मुदत सुचवतात, ती सुरुवातीसाठी ठीक आहे. पुढे मात्र प्रत्येक डिटेक्टरची मुदत त्याच्या हात लावण्यापूर्वीच्या रीडिंगवरून ठरवावी. २५ पीपीएमला सलग तीन वेळा २४ किंवा २५ येत असतील तर सहा महिने चालतील. २०-२१ येत असतील तर अंतर निम्मे करावे. स्क्रबरजवळचा आणि प्रयोगशाळेबाहेरचा डिटेक्टर एकाच तारखेला तपासण्याची सवय सोयीची असली, तरी त्या दोघांची झीज सारखी नसते. दोन कॅलिब्रेशनच्या मध्ये बंप टेस्ट, म्हणजे जुळवणी न करता काही सेकंद गॅस देऊन अलार्म येतो का एवढेच पाहणे, महिन्यातून एकदा करावी. दुरुस्तीचे वेल्डिंग, रंगकाम किंवा जोराची गळती झाल्यानंतर मुदतीची वाट न पाहता लगेच तपासावे.

रजिस्टरात डिटेक्टरचा टॅग नंबर, सेन्सरचा अनुक्रमांक व बसवल्याची तारीख, सिलिंडरचा लॉट नंबर व मुदत, हात लावण्यापूर्वीचे रीडिंग, लागलेला वेळ, जुळवणीनंतरचे रीडिंग आणि पॅनेलवरील आकडा एवढे रकाने पुरतात. गाळप संपल्यावर डिस्टिलरी बंद असली तरी डायजेस्टरमध्ये गॅस तयार होत राहतो आणि स्लज काढण्याचे, टाकीत उतरण्याचे काम नेमके त्याच काळात निघते. म्हणून ऑफ सीझनमध्ये गॅस पॅनेलचा मेन स्विच बंद करू नये, आणि मेंटेनन्स शटडाऊनच्या यादीत डिटेक्टरचे कॅलिब्रेशन टाकी उघडण्याच्या आधीच्या ओळीत असावे.